कांदा भाजायचा की परतायचा?

पत्राचा सारांश : इंदूरच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय ३६. जन्म, शाळा, सासर सगळं इंदूरचंच. शाळा हिंदी माध्यमाची, कॉलेज इंग्रजीतून, घरात मराठी. वर्षभरापासून त्या घरबसल्या इंग्रजीतून मराठीत भाषांतराचं काम करतात. एका वेळी दीडशे-दोनशे शब्दांचा तुकडा येतो आणि विषयाचा काही नेम नसतो. सोमवारी रक्तदाबाच्या गोळ्यांचं माहितीपत्रक, मंगळवारी फुटबॉल, बुधवारी विम्याच्या अटी, गुरुवारी पाककृती. पुण्यातले एक तपासनीस हे तुकडे तपासतात. गेल्या महिन्यात त्यांनी एका तुकड्यावर शेरा मारला, 'ही मराठी प्रत्यय लावलेली हिंदी आहे.' तेव्हापासून कामाला हात लावावासा वाटत नाही. सासूबाई म्हणतात, 'आपली मराठी होळकरांच्या वेळची, तिला पुण्याचं प्रशस्तिपत्रक कशाला हवं?' यजमान म्हणतात, 'मराठी सोड, हिंदीचं काम घे.' त्यांनी विचारलंय : माझी मराठी मुळातच बिघडलेली आहे का? कुठल्याच विषयातलं मला धड कळत नाही, तर हे काम मी करावंच का? आणि हल्ली मशीनकडून कच्चा मजकूर काढून घेते, ते चुकतंय का? पत्रासोबत तपासून आलेले पाच तुकडे जोडले आहेत.

*

तुमच्या पत्राच्या वरच्या कोपऱ्यात, पत्त्यात, 'इंदौर' लिहिलंय आणि शेवटी सहीखाली 'इंदूर'. तुमच्या ते लक्षातही आलं नसेल. माझ्या आलं, कारण मी त्याच गावचा. रामबागेतल्या घरी आजोबा पत्र लिहायला बसले की वर 'इंदूर' लिहीत, आणि तेच आजोबा दुकानाच्या पावतीवर 'इंदौर' वाचून निमूट पैसे देत. दोन्ही नावं खरी आहेत. फक्त एकाच कागदावर दोन्ही आली की वाचणारा क्षणभर थबकतो. तुमचे पाच तुकडे वाचताना मी तसाच थबकत होतो. म्हणून शेऱ्याचा विचार करण्याआधी तुकडेच उघडू.

पाककृतीचा तुकडा घ्या. इंग्रजीत कांदा सोनेरी होईपर्यंत 'सॉते' करायला सांगितलंय. तुम्ही लिहिलंत, 'कांदा सोनेरी होईपर्यंत भाजा.' तपासनिसांनी 'भाजा'खाली लाल रेघ ओढली. बरोबर ओढली. पण मला एक सांगा, कढईपाशी उभ्या असलेल्या सासूबाईंना तुम्ही काय म्हणता? 'कांदा भाजून ठेवलाय' म्हणालात तर त्या गॅसच्या ज्योतीवर धरलेला, साल काळी पडलेला अख्खा कांदा शोधू लागतील. घरात तुम्ही कांदा 'परतता'. हा शब्द तुम्ही जन्मल्यापासून ऐकताय. मग कागदावर 'भाजा' कुठून आला?

हिंदीतून आला. हिंदीत कांदाही भूनतात, मसालाही भूनतात, शेंगदाणेही भूनतात. मराठीत शेंगदाणे भाजायचे, कांदा परतायचा आणि भजी तळायची. तुम्ही इंग्रजी वाक्य वाचलंत, मनात त्याचं हिंदी वाक्य झालं आणि मग त्या हिंदी वाक्याचं मराठी केलंत. म्हणजे एका तुकड्याचे पैसे घेऊन तुम्ही दोन भाषांतरं करताय, आणि मधल्या मुक्कामावर सामानाची अदलाबदल होते आहे.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते यातच आहे. पाच तुकड्यांत मिळून बारा लाल रेघा आहेत. मी त्या एकेक करून पाहिल्या. आठ रास्त आहेत, दोन आवडीनिवडीच्या आहेत, दोन तपासनिसांच्याच चुकल्या आहेत. त्या रास्त आठांपैकी एकही तुमच्या घरच्या मराठीतून आलेली नाही. बहुतेक शाळेतून आल्यात. पहिलीपासून विज्ञान, भूगोल, नागरिकशास्त्र तुम्ही हिंदीत शिकलात. त्यामुळे 'विषय' म्हटला की तुमचं मन आपोआप हिंदीत जातं आणि मराठी उरते ती भाजी निवडायला, भांडायला, लेकीला झोपवायला. कामाचा तुकडा आला की तुम्ही घरची मराठी चपलांसारखी दाराबाहेर काढून आत शिरता. पाककृतीच्या बाबतीतही तेच केलंत, कारण ती 'काम' म्हणून आली! तुमचा समज आहे की तुमची इंदुरी मराठी कागदावर गळते आहे आणि ती गाळून टाकायला हवी. मला उलट दिसतं. घरची मराठी कागदापर्यंत पोचतच नाहीये.

कांद्याची एक झाली, आता उरलेल्या सात रेघा, कारण त्यात तुमच्यासारख्या बऱ्याच जणांना उपयोगी पडेल असं काही आहे.

हिंदी-मराठीतल्या दगाबाज शब्दांची गोष्ट निघाली की लोक 'शिक्षा' आणि 'चेष्टा' (हिंदीत शिक्षण आणि प्रयत्न) यांचे विनोद सांगतात. ते शब्द इतके बदनाम झालेत की त्यांच्यापासून धोका उरलेला नाही. इंदूरचं शेंबडं पोरही 'मुलींना शिक्षा द्या' असं मराठीत लिहिणार नाही. घात करतात ते कमी बदनाम शब्द. तुमच्या विम्याच्या तुकड्यात 'पॉलिसीधारकास काही आपत्ती असल्यास ठरलेल्या मुदतीत लेखी कळवावे' असं वाक्य आहे. मूळ इंग्रजीत 'ऑब्जेक्शन' आहे. हिंदीत आपत्ती म्हणजे हरकत, मराठीत आपत्ती म्हणजे संकट. एरवी हे हसण्यावारी नेता आलं असतं, पण हा कागद विम्याचा आहे. वाचणाऱ्याला वाटणार, घर जळलं किंवा पूर आला तर मुदतीत कळवायचं. अटी पटल्या नाहीत तर हरकत घेता येते हे त्याला कळणारच नाही. आणि गंमत म्हणजे 'हरकत' हा शब्द तुम्ही हिंदी कानांनी ऐकलात तर खोडसाळपणासारखा वाटतो, म्हणून तुम्ही तो टाळला असणार.

कायद्याच्या बातमीत तुम्ही 'कायद्यात संशोधन' लिहिलंत. मराठीत संशोधन प्रयोगशाळेत होतं, कायद्यात दुरुस्ती होते. त्याचीच दुसरी बाजू 'या औषधावर शोध सुरू आहे' या वाक्यात दिसते. हिंदीत शोध म्हणजे रिसर्च. मराठीत शोध लागतो, तोही एकदाच. किंवा हरवलेल्या माणसाचा शोध सुरू असतो. रुग्णाला आशा लावणारा कागद असेल तर हा फरक साधा राहत नाही.

लोकसंख्येच्या तुकड्यात 'नोव्हेंबर २०२२ मध्ये जगाची लोकसंख्या आठ अरब झाली' असं आहे. ही रेघ वाचताना तपासनीस हसले असतील तर मी त्यांना दोष देणार नाही. मराठीत शंभर कोटींचा एक अब्ज होतो आणि अरब हे अरबस्तानातले लोक असतात. 'मिलियन' आला तरी तिथेच थांबून दहा लाख असं मनात मोजत चला. आकड्यांच्या बाबतीत कोणावरही विश्वास टाकू नका, स्वतःवर तर नाहीच.

आणि 'प्रवासी'. २०२३ च्या जानेवारीत आपल्याच गावात प्रवासी भारतीय दिवसाचं संमेलन झालं. चौकाचौकांत फलक होते, तो शब्द डोळ्यांत बसला. तुम्ही लिहिलंत, 'परदेशातील प्रवाशांनी गावी पैसे पाठवले.' साताऱ्याच्या वाचकाला प्रवासी म्हणजे एसटीत बसलेला माणूस. त्याला प्रश्न पडेल की गाडीत बसलेल्यांनी पैसे का पाठवावेत. इथे 'अनिवासी भारतीय' लिहा, किंवा साधं 'परदेशी स्थायिक झालेल्यांनी' म्हणा.

उरलेल्या दोन रेघा वाक्याच्या बांध्याच्या आहेत. 'मंत्र्यांद्वारा उद्घाटन केले गेले' हे हिंदी सरकारी पत्रकाचं वाक्य. मराठीत उद्घाटन मंत्र्यांच्या हस्ते होतं. आणि 'त्याची मदत केली' ऐवजी 'त्याला मदत केली'. अर्थात या शेवटच्या चुकीसाठी इंदूरला धरू नका, मालिकांच्या कृपेनं ती आता मुंबई-पुण्यातही घरोघरी ऐकू येते.

यावर मी सुचवतो तो उपाय फार साधा आहे. एक वही घ्या, प्रत्येक पानाचे तीन रकाने करा : इंग्रजी, हिंदी, मराठी. दगा देणारा शब्द सापडला की तिन्ही रकान्यांत लिहा. दोन महिन्यांत पन्नास-साठ शब्द जमतील आणि मग लक्षात येईल की तेच ते पुन्हा येतात. शंका आली की मोल्सवर्थचा कोश उघडा. त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा सात खंडांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही इंटरनेटवर फुकट चाळता येतात. जुने आहेत, रक्तदाबाचं विचाराल तर उपयोग नाही. पण एखादा शब्द मराठीत कोणत्या अर्थानं नांदत आलाय हे त्यांच्याइतकं कोणी सांगत नाही.

आता सासूबाईंकडे वळतो. त्यांचं अर्धं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. मराठी माणसं अठराव्या शतकात होळकरांबरोबर माळव्यात आली, इथल्या दफ्तरांत मोडी लिपीत मराठी लिहिली गेली, तेव्हा 'पुण्याचीच मराठी खरी' असं म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही. पण माहितीपत्रक वाचणारा माणूस इंदुरात नाही, पुण्यातही बहुधा नाही. तो बीडला, परभणीला, चंद्रपूरला आहे. त्याची बोली तपासनिसांच्या बोलीसारखी नाही आणि तुमच्यासारखीही नाही. दोघांनी मिळून त्याला समजेल असं लिहायचं आहे. प्रश्न इंदूर विरुद्ध पुणे असा मांडलात की हा तिसरा माणूस खोलीतून निघून जातो.

सासूबाईंचा खरा उपयोग मात्र त्यांच्या मताहून मोठा आहे. पुढचा तुकडा आला की असं करून पाहा. इंग्रजी दोनदा नीट वाचा. मग स्क्रीन बंद करा, सासूबाईंसमोर बसा आणि त्यात काय आहे ते त्यांना सांगा, फोनवर रेकॉर्ड करत. इंग्रजी समोर नसलं की हिंदी मुक्कामाला उतरायचं कारणच उरत नाही. शिवाय सासूबाईंशी तुम्ही हिंदीत थोड्याच बोलणार? त्यांच्या कपाळाला आठी पडली की ते वाक्य फसलं. मग रेकॉर्डिंग ऐकत लिहून काढा आणि शेवटी इंग्रजी उघडून ओळीनं ताडून पाहा : आकडे, नकार, 'जर-तर', 'फक्त', 'किमान' यांतलं काही सांडलं नाही ना. लेखी मराठी बोलीहून थोडी बांधीव करावी लागेल, ती करा. या पद्धतीनं सुरुवातीला दुप्पट वेळ जातो हे आधीच सांगून ठेवतो.

तुमच्या रक्तदाबाच्या तुकड्यात 'गोळी खाली पोटी घ्यावी' आहे ना, ते असं कधीच आलं नसतं. मराठीत 'खाली' म्हणजे 'वर'च्या उलट. तपासनिसांनी 'रिकाम्या पोटी' केलं, ठीक आहे. ते आणि पुढचा एक बदल, ज्यात 'ध्यानात ठेवा'चं 'लक्षात ठेवा' झालंय, या मी आवडीनिवडीच्या रेघा धरतो. सासूबाई पहिल्या ठिकाणी बहुधा 'उपाशीपोटी' म्हणाल्या असत्या, आणि थोड्या जुन्या वळणाच्या असतील तर 'अनशापोटी'. माहितीपत्रकाला उपाशीपोटी उत्तम. ('खाली पोटी' मी चुकीतच धरायला हवं होतं, पण इंदूरकर म्हणून तुम्हाला एक सूट.)

तपासनिसांच्या चुकलेल्या दोन रेघांबद्दलही बोलायला हवं, कारण त्या तुम्ही मुकाट्यानं मान्य केल्यात. 'तब्येत' खोडून त्यांनी 'प्रकृती' केलंय आणि शेजारी 'हिंदी' असं लिहिलंय. अहो, पुण्यातल्या कुठल्या घरात 'तब्येत कशी आहे' विचारत नाहीत? शब्द अरबी-फारसीकडून आला म्हणून हिंदी ठरत नाही. फारसी शब्द बाजूला सारून संस्कृत प्रतिशब्द आणण्याचा घाट सतराव्या शतकात शिवाजी महाराजांच्या राज्यव्यवहारकोशानं घातला, आणि त्यातून मराठीला बरंच काही मिळालं. तरी फडणीस आणि चिटणीस आडनावांतून गेले नाहीत. अर्जावर आपण 'दिनांक' लिहितो आणि तोंडानं तारीखच विचारतो. दोन्ही चालतं, जागा तेवढी बघायची. दुसऱ्या ठिकाणी तुमचं साधं 'गोळी अचानक बंद करू नये' खोडून त्यांनी 'हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे की गोळी अचानक बंद केली जाऊ नये' असं केलंय. त्यांच्या वाटेत हिंदीचा मुक्काम नाही, पण इंग्रजीच्या गाडीतून ते अजून उतरलेलेच नाहीत. तुमचं वाक्य चांगलं होतं.

हे त्यांना कळवा. भांडू नका, शेऱ्याचा हिशेबही मागू नका. 'आठ दुरुस्त्या मान्य, पुढे काळजी घेईन. या दोन ठिकाणी माझं मूळ ठेवावं असं वाटतं, कारण अमुक' एवढ्या चार ओळी पाठवा. आणि विचारा की त्यांच्याकडे ठरलेल्या शब्दांची यादी आहे का. बऱ्याच ठिकाणी असते, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. चांगला तपासनीस अशा पत्रानं खूश होतो. न झाला तर तेही तुम्हाला कळलेलं बरं.

यजमानांचा सल्ला. हिंदीचं काम घेण्यात काहीच कमीपणा नाही. आपल्या गावानं १९१७ साली मराठी साहित्य संमेलन भरवलं आणि पुढच्याच वर्षी हिंदी साहित्य संमेलन, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली. १९३५ साली तर दोन्ही संमेलनं इथे झाली. तेव्हा एक धरायचं तर दुसरं सोडायचं, ही इथली रीत नाही. पण 'मराठीत चुका होतात म्हणून हिंदी' यामागे एक गृहीतक आहे, की हिंदीत तुमच्या चुका होणार नाहीत. तुमची हिंदी कधी कुणी लाल पेन घेऊन वाचलीय का? मराठी घरातल्या माणसाची हिंदी लिंगात घसरते. मराठीत आवाज येतो, हिंदीत आवाज़ आती है. मराठीत मजा आली, हिंदीत मज़ा आया. इंदुरी बोलण्यात 'अपन' आणि 'भिया' गोड लागतात, छापील मजकुरात नाही. म्हणून हिंदीचे चार तुकडे जरूर करून पाहा, पण एखाद्या परक्या तपासनिसाकडे पाठवून. तिथेही रेघा येतील. मग दोन्ही कामं ठेवायची की एक, ते पैसे आणि वेळ पाहून ठरवा. दुखावलेल्या मनानं ठरवू नका.

दुसरा प्रश्न, विषयांचा. 'कुठल्याच विषयातलं धड कळत नाही' हे तुम्ही कबुलीजबाबासारखं लिहिलंय. दोनशे शब्दांच्या तुकड्याला हृदयरोगतज्ज्ञ व्हावं लागत नाही. त्यात पाच-सहा पारिभाषिक शब्द असतात आणि एक मुद्दा समजून घ्यायचा असतो. अडचण अशी की आपण शब्द आधी शोधायला जातो आणि मुद्दा राहून जातो. विषय नवा असेल तर भाषांतराआधी त्या विषयावर मूळ मराठीत लिहिलेली दोन पानं वाचा. मराठी विश्वकोश यासाठीच जणू लिहिलाय. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक होते, पहिला खंड १९७६ साली आला आणि आता सगळे खंड इंटरनेटवर आहेत. शब्द तर मिळतातच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या विषयावर मराठी वाक्य कसं चालतं ते कानात बसतं. सरकारी शब्द हवे असतील तर महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. त्यांतला प्रत्येक शब्द वापरलाच पाहिजे असं मात्र समजू नका. काही शब्द कोशातच जन्मले आणि तिथेच राहिले.

शेतीच्या तुकड्यासाठी कोशापेक्षा माणूस बरा. सोयाबीनचं पीक माळव्यात आहे तसं मराठवाडा-विदर्भातही आहे. इंग्रजीतल्या 'स्टेम फ्लाय'ला इथला शेतकरी तना मक्खी म्हणेल, लातूरचा खोडमाशी म्हणेल. 'गर्डल बीटल' तिकडे चक्री भुंगा होतो. तुमच्या नात्यागोत्यात त्या बाजूचं कोणी असेलच, एक फोन करा.

खेळाचं तर आपल्याकडे घरचंच भांडार आहे. सी. के. नायडूंच्या होळकर संघानं चार वेळा रणजी करंडक जिंकला, त्या गावच्या मुलीला पायचीत, धावचीत, यष्टिचीत, निर्धाव षटक हे शब्द शिकवायची गरज नसावी. असा थाट फुटबॉलला जमवू नका. तिथे पेनल्टी, कॉर्नर, ऑफसाइड हेच मराठी शब्द आहेत.

दोन क्षेत्रांत मात्र मी तुम्हाला थांबायला सांगेन. औषधं आणि करार. 'ॲक्यूट'ला कोशात तीव्र असा शब्द मिळतो आणि वाचणारा समजतो की दुखणं भयंकर आहे. डॉक्टरांच्या भाषेत त्याचा रोख अचानक सुरू झालेलं, थोड्या दिवसांचं असा असतो. त्याच्यासमोर 'क्रॉनिक', म्हणजे जुनाट. करारातलं 'कन्सिडरेशन' म्हणजे विचार नव्हे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात तो मोबदल्याचा शब्द आहे, कायदेशीर मराठीत प्रतिफल. असे तुकडे आले तर ओळखीतला एखादा डॉक्टर किंवा वकील दहा मिनिटं देईल का ते पाहा, नाहीतर संशयाच्या जागी खूण करून 'इथे मूळ अर्थ कळवावा' असं लिहून पाठवा. त्यानं तुमची किंमत कमी होत नाही. आणि गोळ्यांच्या मात्रेचा तुकडा असेल, विचारायला कोणी नसेल, मुदत रात्रीची असेल, तर सरळ परत करा.

आता मशीन. चूक की बरोबर, याआधी दोन गोष्टी तपासा : काम देणाऱ्यांनी परवानगी दिलीय का, आणि तुकड्यात कुणाची खासगी माहिती आहे का. पहिली माहीत नसेल तर विचारून घ्या. दुसऱ्याचं उत्तर हो असेल, म्हणजे कुणाचा तपासणी अहवाल, कुणाचा करार, तर तो मजकूर मशीनमध्ये टाकूच नका. त्यापलीकडची माझी तक्रार नीतीची नाही, कानाची आहे. मशीनचं वाक्य इस्त्री करून आलेलं असतं, त्यामुळे त्यातला डाग दिसत नाही. तुम्ही आधीच हिंदीच्या वाटेनं येताय; आता त्या वाटेवर आणखी एक टपरी लागली. समोर तयार वाक्य असलं की आपण फक्त प्रत्यय झाडतो, आणि 'परतणे' हा शब्द आठवायची वेळच येत नाही. म्हणून क्रम उलटा करा. आधी स्वतःचं पूर्ण लिहा, मग हवं तर मशीनचं शेजारी ठेवून पाहा की एखादी ओळ, एखादा आकडा सुटला का. त्या कामाला ते चांगलं आहे. पहिले तीन महिने तेही नको, असं मी म्हणेन. पण घरी बसून चार तुकडे वेळेत द्यायचे असतात हे मला ठाऊक आहे, त्यामुळे हट्ट धरत नाही.

पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय की पाककृतीचा तुकडा दुरुस्तीसाठी परत आलाय आणि मुदत या आठवड्याची आहे. तो आधी उरका. कांदा परता. दोन ओळींनंतर मसाला आहे, तिथेही तुम्ही 'भाजा'च लिहिलंय. कोरडा असेल तर ते बरोबर आहे, तेलात असेल तर तोही परता. त्या ओळीचं मूळ इंग्रजी तुम्ही जोडलेलं नाही, त्यामुळे कोणता ते तुम्हालाच पाहावं लागेल.